हाताची बोली : बाजारात, फडात आणि यार्डात



या पानावर आपण नेहमी लागण, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. माणूस तोंडाने एक बोलतो आणि त्याचे हात, मान, डोळे दुसरेच काही सांगत असतात. आपल्या रोजच्या कामात, म्हणजे बाजारात, तोडणीच्या वेळी, वजनकाट्यावर, गव्हाणीपाशी आणि सभेत, ही अंगाची बोली ओळखता येणे आणि नीट वापरता येणे फार उपयोगाचे असते. कारण यात पैशाचा प्रश्न आहे, आणि एके ठिकाणी तर जिवाचाही आहे.

आपल्या मराठी भाषेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. काम टाळणाऱ्याला आपण 'अंग चोरतो' म्हणतो, जबाबदारी झटकणाऱ्याने 'हात वर केले' म्हणतो, न ऐकल्यासारखे करणाऱ्याने 'कानाडोळा केला' म्हणतो. नाक मुरडणे, पाठ फिरवणे, भुवया उंचावणे, कपाळाला आठ्या घालणे, हे सगळे शब्द अंगावरूनच आले. तेव्हा या विषयाला साहेबी विषय समजून पान उलटू नका.

मी मूळचा रत्नागिरी तालुक्यातला. नोकरीनिमित्त घाटावर आलो आणि उसात रमलो, पण नातेवाईक मंडळी अजून आंब्यात आहेत. त्यामुळे पहिले उदाहरण हापूसचे देतो. घाटावरच्या सभासदाला ते लगेच पटेल, कारण जनावरांच्या बाजारात त्याने हाच प्रकार डोळ्यांनी पाहिलेला असतो.

रत्नागिरीचा बागायतदार पेटी भरतो, गवत घालतो, डझनाचा आकडा टाकतो आणि संध्याकाळी ट्रकवर चढवतो. पहाटेपर्यंत माल मुंबईच्या बाजारात. पूर्वी हा बाजार क्रॉफर्ड मार्केटला होता, नव्वदच्या दशकात तो नवी मुंबईत वाशीला गेला. तिथे आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहतात. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात, आणि वर रुमाल. तोंडाने हवापाण्याच्या गोष्टी चाललेल्या असतात आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असतो. पेटी ज्याची, तो त्या वेळी दोनअडीचशे मैलांवर रत्नागिरीत झोपलेला असतो. त्याला भाव कळतो तो पुढे पट्टी हातात पडल्यावर. पट्टीवर आडत, हमाली, भाडे वजा करून जी रक्कम येते ती खरी मानायची. रुमालाखाली काय झाले ते दोघांनाच ठाऊक.

या पद्धतीला बाजाराच्या अभ्यासकांनी 'हत्ता पद्धत' म्हटले आहे. ती काही काल-परवाची नाही. झां-बाप्तिस्त तावर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात आपल्या दक्षिणेतल्या हिऱ्यांच्या खाणींवर आला होता. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली छापले गेले. त्यात त्याने हा प्रकार बारकाईने लिहून ठेवला आहे. घेणारा आणि विकणारा मांडी घालून समोरासमोर बसतात. एक जण कमरेचा शेला सोडतो आणि दोघांचे हात त्याखाली झाकतात. सबंध हात धरला तर एक हजार. जितक्या वेळा दाबला तितके हजार. पाच बोटे धरली तर पाचशे, एकच बोट धरले तर शंभर. बोटाच्या मधल्या पेरापर्यंत धरले तर पन्नास आणि नुसते टोक धरले तर दहा. एकाच दालनात बरीच माणसे बसलेली असली तरी कुणाचा सौदा कितीला झाला हे शेजाऱ्याला कळत नसे. साडेतीनशे वर्षे होत आली, हिऱ्यांच्या त्या खाणी संपल्या, पण रुमाल टिकला!

जनावरांच्या बाजारातली खूण यापेक्षा सोपी असते. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पंजा म्हणजे पाच. हे शेकडे की हजार की दहा हजार, ते मालाकडे बघून दोघांनी समजून घ्यायचे. बाजारागणिक थोडा फरक असतो. उदाहरणार्थ, बैलजोडीचा सौदा चालू असताना दलालाने पंजा दाबला आणि मग दोन बोटे धरली, तर बावन्न हजार समजावे. आता खरी मेख बघा. दलाल घेणाऱ्याशी एका रुमालाखाली बोलतो आणि देणाऱ्याशी दुसऱ्या रुमालाखाली. घेणाऱ्याच्या हातात बावन्न, देणाऱ्याच्या हातात अठ्ठेचाळीस. मधले चार हजार कुणाच्या खिशात गेले ते सांगायला नको. शिवाय दलाली वेगळीच. सगळेच दलाल असे करतात असे मी म्हणत नाही. पण ज्याला करायचे आहे त्याला रुमालाइतकी सोय दुसरी नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्यापारी म्हणतात, उघड बोलीत एकाने कमी भाव पुकारला की बाकीचे तोच धरून बसतात. रुमालाखाली प्रत्येक गिऱ्हाइकाकडून वेगळा आणि चढा भाव काढता येतो. शिवाय आंबा नाशवंत, पहाटेची घाई, शेकडो पेट्या. यात थोडे तथ्य आहे. पण मग तो चढा भाव पट्टीवर उतरला का, हे तपासायची सोय बागायतदाराला काय? काहीच नाही. आणि हंगामाआधी त्याने त्याच आडत्याकडून उचल घेतलेली असली तर विचारायचीही सोय नाही. उचल म्हणजे काय हे आपल्या सभासदांना सांगायला नको.

बाजार समित्यांचा कायदा मुळात याच कारणासाठी आला. आपल्या राज्याचा कायदा १९६३ सालचा. माल उघड लिलावाने विकला जावा, भाव सर्वांसमक्ष ठरावा, गुप्त खुणांनी ठरू नये, असा त्यामागचा रोख आहे. तरी रुमाल पुरता गेला नाही. अलीकडच्या वर्षांतही हापूसच्या हंगामात त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. त्यानंतर रत्नागिरीचे पुष्कळ बागायतदार पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला परस्पर पेटी पोचवू लागले आहेत. तिथे भाव फोनवर उघड बोलला जातो.

त्याच रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन बघा. होड्या लागल्या की मासळीचा लिलाव उघड बोलीने होतो. तिथेही सगळे तोंडाने बोलत नाहीत. कुणी मान हलवून बोली वाढवतो, कुणी नुसता हात उडवून 'नको' म्हणतो, एखादी कोळीण मासा उलटा करून कल्ले बघते आणि काही न बोलता चालू पडते. तिचे ते चालू पडणे म्हणजेच तिची बोली. पण हे सगळे चारचौघांत चालते. पोराटोरांनाही कळते की भाव कुठवर आला. खूण तीच, हातही तेच. फरक एवढाच की वर फडके नाही.

आता आपल्या उसाकडे येऊ. उसाच्या दराला रुमाल नाही. रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार जाहीर करते आणि ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत रक्कम द्यावी लागते. उशीर झाला तर त्यावर सालीना पंधरा टक्के व्याज. हे सर्व कागदावर आहे. पण कागदावर नसलेली बोली आपल्याकडेही चालते, आणि ती कुठे चालते ते सभासदांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ऊस तोडून झाला आहे, मोळ्या बांधल्या आहेत, ट्रॅक्टर बांधावर उभा आहे. ड्रायव्हर गाडी सुरू करत नाही. तो डोके खाजवतो. चाकाला लाथ मारून बघतो. मुकादम तंबाखू मळत दुसरीकडे बघतो. कुणी काही मागितलेले नाही! तरी मालकाला कळते, आणि खिशात हात जातो. याला कुठे 'एन्ट्री' म्हणतात, कुठे 'खुशाली'. यातली खुबी अशी की शब्द उच्चारलेलाच नसतो, त्यामुळे तक्रार कशाची करणार? 'मी कुठे मागितले?' म्हणायला तो मोकळा.

यावर माझा सल्ला एकच. खुणेला खुणेने उत्तर देऊ नका. मोठ्याने, शांतपणे, दोन माणसांसमक्ष विचारा, 'काय अडचण आहे? डिझेल नाही का? रस्ता खराब आहे का?' ज्याला खरी अडचण आहे तो सांगतो. ज्याला मागायचे आहे त्याला आता शब्द वापरावा लागतो, आणि शब्द वापरला की तो कुणाच्या तरी कानावर पडतो. मग गाडीचा नंबर, तारीख, वेळ लिहून शेती खात्याकडे लेखी तक्रार देता येते. चिटबॉयसमोर विचारले तर अधिक बरे. हे करायला थोडी छाती लागते, हे मी मान्य करतो. उसाला तुरा आला असताना आणि पाणी तोडून दहा दिवस झाले असताना तत्त्वाच्या गोष्टी सांगणे सोपे नाही. पण गल्लीतल्या चार सभासदांनी मिळून केले तर ते जमते.

टोळीच्या बाबतीत उलट बाजूचीही एक गोष्ट आहे. बीड, अहिल्यानगर, जत भागातून कोयता घेऊन आलेली जोडपी परक्या गावात असतात. मालक फडात आला की बाई पदर सावरून खाली बघते, गडी नजर देत नाही. काही सभासद म्हणतात, 'नजर चोरतात म्हणजे काहीतरी लबाडी आहे.' असे नसते हो. मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा न भिडवणे ही त्यांच्याकडची आणि आपल्याकडचीही जुनी रीत आहे. आपल्या सासऱ्यासमोर आपण कसे बसतो ते आठवावे. आणि आपले स्वतःचे अंग काय बोलते? मोटरसायकलवरून न उतरता, बांधावरूनच, कमरेवर हात ठेवून 'खालून तोडा रे' असे ओरडलेले त्यांना फक्त ओरडणे म्हणून ऐकू येते. त्याऐवजी फडात उतरावे, वाकावे, कोयता हातात घेऊन एक ऊस जमिनीलगत तोडून दाखवावा. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते. चार बोटे बुडखा वर राहिला तर वजनही जाते, उताराही जातो, आणि खोडव्याचे फुटवे वरच्या डोळ्यांतून कमजोर निघतात. एवढे व्याख्यान देण्यापेक्षा एकदा वाकलेले जास्त कळते. मी चांगले चांगले शेतकरी पाहिले आहेत, ते टोळीशी बोलताना त्यांच्याबरोबर खाली बसतात. त्यांच्या फडात बुडखे राहत नाहीत.

माणसाच्या अंगावरून मन ओळखण्याच्या बाबतीत एक सावधगिरीही सांगून ठेवतो. हल्ली शिबिरांतून वक्ते ठासून सांगतात की बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के, आवाजाचा अडतीस आणि चेहऱ्याचा पंचावन्न. हे आकडे आले आल्बर्ट मेहरेबियन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून. त्या प्रयोगांत सुटे शब्द आणि चेहऱ्यांची छायाचित्रे वापरली होती, आणि प्रश्न इतकाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो. सगळ्या बोलण्याला ते आकडे लागू नाहीत, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. तसे असते तर खताचा डोस मी नुसत्या चेहऱ्याने सांगितला असता!

खोटे ओळखण्याचेही तसेच. बाँड आणि डीपॉलो या दोन संशोधकांनी २००६ साली अशा पुष्कळ प्रयोगांचे आकडे एकत्र केले. समोरचा खरे बोलतो की खोटे, हे नुसते बघून-ऐकून ठरवणाऱ्यांचा अंदाज शंभरात सरासरी चोपन्न वेळा बरोबर निघाला. नाणे उडवले तर पन्नास वेळा निघतोच. तेव्हा 'त्याच्या डोळ्यांतच दिसत होते' म्हणून कुणाला चोर ठरवू नये. अंगाच्या बोलीवरून एवढेच धरावे की इथे काहीतरी विचारण्यासारखे आहे. मग विचारावे, कागद बघावा, काटा बघावा.

काट्याबद्दल दोन ओळी. वजनकाट्यावर गेलात तर ड्रायव्हरच्या किंवा कारकुनाच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहू नका. आकडा दिसतो तिथे उभे राहा, भरलेल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे दोन्ही आकडे बघा आणि पावतीशी ताडून घ्या. कारकून यात आपला अपमान मानणार नाही. मानलाच तर मला सांगा.

गट ऑफिसमध्ये तोडणीची पाळी विचारायला आलेल्या सभासदाला वहीतून मान वर न काढता 'बघू' म्हणणे, ही आमच्या बाजूची अंगाची बोली आहे आणि ती चांगली नाही, हेही इथेच लिहितो. उत्तर 'अजून तीन आठवडे' असेच असले तरी मान वर करून, नोंदवहीत नंबर दाखवून सांगितले की माणूस निम्म्या रागाने परत जातो. आमच्या खात्यातल्या मंडळींना मी हे तोंडी सांगितले आहेच.

आणि सभा. ठराव वाचून होतो न होतो तोच 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो. मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेला सभासद मान डोलावतो, आणि घरी जाऊन म्हणतो, 'मला काही पटले नव्हते.' नंदीबैलही मान डोलावतो. सभेत अंगाची एकच खूण मोजली जाते, ती म्हणजे वर केलेला हात. प्रश्न असेल तर ठराव पुकारण्याआधी हात वर करावा, उभे राहावे, नाव व गाव सांगावे, आणि उत्तर मिळेपर्यंत बसू नये. कपाळावरच्या आठ्या इतिवृत्तात लिहिल्या जात नाहीत.

आता जिवाच्या प्रश्नाकडे येतो. यार्डात आणि गव्हाणीपाशी यंत्रांचा इतका आवाज असतो की हाक ऐकू येत नाही. तिथे हातच बोलतो, आणि तिथल्या खुणा ठरलेल्या आहेत. क्रेनवाल्याला 'वर घे' सांगताना हात कोपरातून उभा धरतात, तर्जनी वर करून मनगट लहान गोल फिरवतात. 'खाली सोड' म्हणताना हात खाली सोडून, तर्जनी जमिनीकडे करून तसेच गोल फिरवतात. 'थांब' म्हणजे हात बाजूला सरळ पसरून, तळवा जमिनीकडे ठेवून आडवा मागे-पुढे हलवणे. दोन्ही हात पसरून तसेच केले की 'ताबडतोब थांब'. क्रेनला खुणा एकाच माणसाने करायच्या. चार जणांनी हात हलवले तर क्रेनवाला कुणाचे बघणार? फक्त 'थांब' ही खूण याला अपवाद आहे. ती कुणीही करू शकतो. गाडीवान, सभासद, चहावाला, कुणीही. आणि ती दिसली की क्रेनवाल्याने कारण न विचारता थांबायचे. वायररोप सरकताना किंवा मोळीखाली माणूस आलेला दिसला तर 'मी कोण सांगणारा' असे मनात आणू नये.

ट्रॉली मागे घेताना जास्त घोटाळे होतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या की ड्रायव्हरला मागचे काहीच दिसत नाही. मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ट्रॉलीच्या बरोबर मागे उभा असतो. हे अगदी धोक्याचे. खूण करणाऱ्याने बाजूला, आरशात दिसेल असे उभे राहावे. ड्रायव्हरने आधीच त्याच्याशी ठरवून घ्यावे की कोणत्या खुणेचा अर्थ काय. कारण आपल्याकडे हात हलवणे 'ये' लाही चालते आणि 'थांब' लाही. खूण करणारा आरशातून दिसेनासा झाला तर गाडी जागच्या जागी थांबवायची, उतरून बघायचे. रात्रीच्या पाळीला हातात बॅटरी हवी, आणि ती ड्रायव्हरच्या डोळ्यांवर मारायची नाही.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक गट ऑफिसच्या आवारात या खुणा एका दिवशी करून दाखवल्या जातील. तारीख फलकावर लागेल. सभासदांनी आपला ट्रॅक्टरचालक आणि त्याच्याबरोबर गाडीवर असणारा पोरगा, दोघांनाही घेऊन यावे. पोरग्याला घरी ठेवू नये, कारण ट्रॉलीच्या मागे तोच उभा असतो.

— ऊस विकास अधिकारी